आईंची दोन मिनिटे: एका प्रादेशिक वाहतूक नियोजन संस्थेच्या भाषासाहाय्य सेवेचा अनुभव

अमेरिकेतील आमच्या महानगर प्रदेशाचा २०५० पर्यंतचा वाहतूक आराखडा तयार होत असताना, तो आखणाऱ्या संस्थेने इंग्रजी न येणाऱ्या रहिवाशांसाठी जी विनामूल्य भाषासाहाय्य सेवा ठेवली होती, तिचे हे परीक्षण आहे. ही सेवा मी माझ्या सासूबाईंसाठी मागितली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिली विनंती केली आणि २०२५ च्या उन्हाळ्यात अंतिम आराखड्याबरोबर हरकती व सूचनांचे परिशिष्ट हाती आले, तोवर नऊ महिने गेले होते. संस्थेचे नाव लिहीत नाही. मला ज्या उणिवा दिसल्या त्यांतील बऱ्याचशा नियमांच्या रचनेतूनच येतात, आणि ज्यांचे आईवडील किंवा सासूसासरे इकडे येऊन राहिले आहेत अशा मराठी कुटुंबांना त्या कुठेही भेटू शकतील.

आई ७१ वर्षांच्या आहेत. सातारा जिल्ह्यात सातवीपर्यंत शिकल्या, मराठी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, हिंदी त्यांना समजते पण बोलताना अडखळतात, आणि इंग्रजी येत नाही. गाडी चालवत नसल्यामुळे ग्रंथालय, दवाखाना आणि देऊळ या तिन्ही ठिकाणी त्या बसनेच जातात. आमचा बसथांबा सहा पदरी रस्त्याच्या कडेला आहे. तिथे पदपथ नाही, बाक नाही, आणि संध्याकाळी सातनंतर बसही नाही. या परीक्षणाची सारी पार्श्वभूमी एवढीच आहे.

अशी संस्था नेमके काय करते, हे मलाही आधी ठाऊक नव्हते. १९६२ च्या केंद्रीय महामार्ग कायद्याने पन्नास हजारांहून अधिक वस्तीच्या प्रत्येक नागरी क्षेत्रासाठी असे नियोजन सक्तीचे केले आणि पुढे त्यासाठी महानगर नियोजन संस्था उभ्या राहिल्या. बस चालवणारे वेगळे असतात, पदपथ बांधणारे शहर वेगळे, महामार्ग राज्याच्या ताब्यात. पण केंद्राचा पैसा कोणत्या कामाला आणि कोणत्या क्रमाने मिळणार, हे या संस्थेच्या मंडळात ठरते. तिचा दीर्घ आराखडा किमान वीस वर्षांचा असतो आणि तो दर चार किंवा पाच वर्षांनी नव्याने करावा लागतो. त्याच्या पोटात किमान चार वर्षांचा एक कार्यक्रम असतो, ज्यात कामांची नावे, खर्च आणि वर्षे दिलेली असतात. एखाद्या थांब्यापाशी पदपथ होणार की नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा याच यादीत सापडते.

आता सेवेकडे वळते. जाहीर बैठकीच्या सूचनापत्राच्या तळाशी, सर्वांत बारीक अक्षरांत एक वाक्य होते की भाषासाहाय्य हवे असल्यास बैठकीच्या तीन कामकाजी दिवस आधी कळवावे. हे वाक्य इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये होते. म्हणजे ज्याला या दोन्ही भाषा येत नाहीत, त्याला मदत उपलब्ध आहे हे कळण्यासाठीच आधी कुणाची तरी मदत लागते. आमच्या घरात ते सांगायला मी होते. ज्या घरात मुले दोन पाळ्यांत काम करतात आणि आजीआजोबा दिवसभर एकटे असतात, तिथे ते वाक्य कोण वाचून दाखवणार? प्रत्येक भाषेत “तुमच्या भाषेत मदत हवी असल्यास या क्रमांकावर फोन करा” एवढी एकच ओळ, निदान दहाबारा लिप्यांत, छापायला फारसा खर्च येत नाही. इथल्या रुग्णालयांत असे कागद मी पाहिलेले आहेत.

फोन केल्यावर पहिल्यांदा मला हिंदी दुभाषी देऊ करण्यात आला. त्यामागे हेटाळणी मुळीच नव्हती, कर्मचाऱ्याला तो सरळ मार्ग वाटला. मी त्यांना समजावून सांगितले की आईंना हिंदी ऐकून कळते, परंतु अनोळखी लोकांनी भरलेल्या सभागृहात उभे राहून स्वतःची अडचण हिंदीत मांडणे त्यांना जमणार नाही. कळणे आणि बोलता येणे यांतले हे अंतर नियोजनाच्या कामात फार मोलाचे आहे, कारण तिथे रहिवाशाने ऐकून घेणे पुरेसे नसते, त्याने सांगणेही अपेक्षित असते. दुसऱ्या दिवशी त्याच कार्यालयातील एका बाईंनी आपणहून फोन करून कळवले की मराठी दुभाषी प्रत्यक्ष येऊ शकणार नाही, पण दूरध्वनीवरून मिळेल, आणि सभागृहात त्यासाठी ध्वनिक्षेपकाला जोडलेला फोन ठेवला जाईल. त्यांनी आईंच्या नावाचा उच्चारही दोनदा विचारून लिहून घेतला. ही आस्था मला मनापासून आवडली आणि सेवेच्या या भागाबद्दल माझी काही तक्रार नाही.

बैठकीत फोनवरून बोलणाऱ्या दुभाषीबाई कोण होत्या, कुठून बोलत होत्या, हे आम्हाला कळले नाही आणि कळण्याची गरजही नव्हती. व्यावसायिक दुभाषी स्वतःचे मत घालत नाही, काही गाळत नाही, आणि बोलणाऱ्याच्या तोंडचे “मी” तसेच “मी” म्हणून पुढे देतो. सुरुवातीला त्यांनी सादरीकरणातील एक प्रश्न “सार्वजनिक परिवहन मार्गिकेवरील सेवेची वारंवारिता” अशा शब्दांत सांगितला. आईंनी माझ्याकडे पाहिले. फोनवर क्षणभर शांतता होती, आणि मग त्याच बाई म्हणाल्या, “काकू, बस किती किती वेळाने यायला हवी, असं ते विचारतायत.” आई लगेच बोलू लागल्या. मला वाटते, त्या एका वाक्याने दुभाष्याचे काम काय असते ते दाखवून दिले. शब्दाला शब्द देणारी यंत्रणा तिथे थांबली असती. त्या बाईंनी समोरच्याचे गप्प बसणे ऐकले आणि आपले वाक्य बदलले.

वेळेचा प्रश्न मात्र आधी कुणी विचारातच घेतला नव्हता. प्रत्येक नागरिकाला बोलायला दोन मिनिटे दिलेली होती. आईंनी एक वाक्य बोलायचे, दुभाषीबाईंनी ते इंग्रजीत सांगायचे, मग पुढचे वाक्य, या पद्धतीत त्या दोन मिनिटांतील एकच मिनिट आईंचे होते. घंटा वाजली तेव्हा त्या निम्म्यावर होत्या. सुदैवाने ज्या बाईंनी फोन केला होता त्यांनीच अध्यक्षांच्या कानाशी जाऊन काही सांगितले आणि आणखी दोन मिनिटे मिळाली. कॅलिफोर्नियात या गोष्टीसाठी २०१६ मध्ये कायदाच मंजूर झाला: बोलण्यावर वेळेची मर्यादा असेल तर दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला तिथल्या स्थानिक मंडळांनी किमान दुप्पट वेळ दिला पाहिजे, एकाच वेळी भाषांतर ऐकवणारी यंत्रणा असेल तेवढाच अपवाद. आमच्या राज्यात तसा नियम नाही. एका कर्मचाऱ्याच्या जागरूकतेवर हे अवलंबून राहावे, हे मला योग्य वाटत नाही.

आईंनी काय सांगितले, ते इथे जसेच्या तसे देते, कारण पुढचे सारे त्यावरच उभे आहे. त्या म्हणाल्या, “बस येते, वेळेवर येते, तक्रार नाही. पण थांब्यापाशी उभं राहायला जागा नाही. गवतात उभी राहते, पाऊस झाला की पाय चिखलात जातो. गाड्या इतक्या जवळून जातात की पदर उडतो. आणि सातनंतर एक तरी बस असू द्या. देवळातनं परत यायला गाडी नाही म्हणून मी संध्याकाळचं भजन सोडलं.” दुभाषीबाईंनी हे पुरेपूर पोचवले. पदराचे वाक्यसुद्धा त्यांनी गाळले नाही, आणि ते इंग्रजीत ऐकताना सभागृहातील दोघातिघांनी माना वर केल्याचे मी पाहिले.

लिखित साहित्याची गोष्ट निराळी आहे. आराखड्याचा सारांश आणि प्रश्नावली स्पॅनिशमध्ये नीट, माणसांनी केलेल्या भाषांतरात होती. स्पॅनिश बोलणाऱ्या रहिवाशांसाठी सभागृहात कानाला लावायची उपकरणे आणि गटचर्चेसाठी त्यांच्या भाषेतील सूत्रधारही होते. मराठीसह इतर सर्व भाषांसाठी संकेतस्थळावर यांत्रिक भाषांतराचे एक बटण होते. ते दाबल्यावर मराठी अक्षरे दिसतात, पण आईंच्या हाती काही लागत नाही. सार्वजनिक वाहतुकीच्या जागी “संक्रमण” आले होते, गाडी उभी करून पुढे बसने जाण्याच्या जागेचे “उद्यान आणि सवारी” झाले होते, आणि चार वर्षांच्या कार्यक्रमाचे इंग्रजी आद्याक्षरी नाव (TIP) सगळीकडे “टीप” असे छापले गेले होते, त्यामुळे अत्यंत महत्त्वाचा दस्तऐवज तळटिपेसारखा दिसत होता. नकाशे चित्ररूपात असल्याने त्यांवरील नावे आणि खुणांचा अर्थ इंग्रजीतच राहिला. ज्या कामांच्या यादीवर सारे ठरते, ती तर कोणत्याच भाषेत नव्हती, स्पॅनिशमध्येसुद्धा नाही. आराखड्याची प्रस्तावना आणि उद्दिष्टे भाषांतरित करायची आणि रस्त्यांची नावे, रक्कम व वर्षे असलेला तक्ता मात्र इंग्रजीत ठेवायचा, या निवडीमुळे इंग्रजी न येणाऱ्या माणसाला सदिच्छा वाचायला मिळतात आणि निर्णय वाचायला मिळत नाहीत.

असे का होते, याचे उत्तर नियमांत आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सहावे प्रकरण केंद्राचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही उपक्रमात वंश, वर्ण किंवा मूळ राष्ट्रीयत्वावरून भेदभाव करण्यास मनाई करते. त्यात भाषेचा उल्लेख नाही. परंतु १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सान फ्रान्सिस्कोतील चिनी भाषक विद्यार्थ्यांच्या खटल्यात, म्हणजे लाऊ विरुद्ध निकोल्स या प्रकरणात, कळत नसलेल्या भाषेत शिक्षण देणे हा त्या मनाईचा भंग ठरतो असे मानले. ऑगस्ट २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश क्रमांक १३१६६ काढून केंद्रीय खात्यांना आणि त्यांच्याकडून पैसा घेणाऱ्यांना भाषासाहाय्याची व्यवस्था करायला सांगितले, परिवहन खात्याची मार्गदर्शक तत्त्वे २००५ मध्ये आली, आणि २०१२ च्या सार्वजनिक वाहतूकविषयक परिपत्रकाने एक आकडा समोर ठेवला: सेवाक्षेत्रातील एखाद्या भाषेचे इंग्रजी कमी येणारे लोक पाच टक्के किंवा एक हजार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे असतील, तर महत्त्वाच्या कागदपत्रांचे लिखित भाषांतर करणे हा नियमपालनाचा भक्कम पुरावा मानला जाईल. हा आकडा फक्त लिखित भाषांतरापुरता आहे. तोंडी दुभाष्याची मदत त्याच्या खालच्या संख्येच्या भाषांनाही वाजवी प्रमाणात द्यायची असते, आणि म्हणूनच आईंना फोनवर मराठी मिळाली.

मग मराठी लोक एक हजार आहेत की नाहीत? इथे मला सर्वांत मोठा धक्का बसला. संस्थेच्या भाषासाहाय्य आराखड्यातील तक्ता जनगणना विभागाच्या वार्षिक समुदाय सर्वेक्षणावरून केलेला होता. त्या सर्वेक्षणाच्या प्रसिद्ध होणाऱ्या सविस्तर भाषा-तक्त्यात हिंदी, गुजराती, उर्दू, पंजाबी आणि बंगाली यांना स्वतंत्र ओळ आहे, आणि मराठी “नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय-आर्य भाषा” या एकाच ओळीत आहे. २०११ च्या भारतीय जनगणनेत आठ कोटींहून अधिक लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेली भाषा इथे मोजलीच जात नाही, ती बेरजेत विरून जाते. बेरीज एक हजाराच्या वर गेली तरी कोणत्या भाषेत भाषांतर करायचे हे त्या ओळीवरून ठरत नाही, म्हणून कोणत्याच भाषेत होत नाही. नेपाळी शेजाऱ्यांचेही तेच नुकसान आहे. न्यूयॉर्क शहराने २०१७ च्या कायद्याने शहराच्या सेवांसाठी ज्या दहा भाषा ठरवल्या, त्यांत बंगाली आणि उर्दू आहेत, आणि या दोन्ही भाषांना त्या तक्त्यात स्वतःची ओळ आहे.

सर्वेक्षणाचा कागद घरी आला, तर घरात कोणती भाषा बोलता या प्रश्नापुढे “मराठी” असेच लिहावे, “इंडियन” किंवा सोयीखातर “हिंदी” लिहू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याखालचा प्रश्न इंग्रजी किती चांगले बोलता असा असतो. अनेक घरांत मुलगा किंवा सून वडीलधाऱ्यांच्या वतीने तिथे “फार चांगले” अशी खूण करतात, कारण “नीट येत नाही” लिहिणे त्यांना कमीपणाचे वाटते. “फार चांगले” सोडून दुसरे कोणतेही उत्तर दिले, तरच तो माणूस भाषासाहाय्याच्या मोजणीत येतो. आमच्या घरी मागे मीच ही चूक केली होती.

आता परिशिष्टाकडे येते. मसुद्यावरील हरकती व सूचनांचा पहिला अहवाल २०२५ च्या वसंतात आला. त्यात आईंच्या बोलण्याची नोंद एका ओळीत होती: रहिवाशाने अधिक बसफेऱ्यांना पाठिंबा दर्शवला. ही नोंद अपुरी होती आणि चूकही होती. आईंनी अधिक फेऱ्या मागितल्याच नव्हत्या. त्यांनी उभे राहायला जागा मागितली होती आणि सातनंतरची एक बस. केंद्रीय नियम असे सांगतो की आराखड्यावर लक्षणीय लेखी किंवा तोंडी सूचना आल्यास त्यांचा सारांश, विश्लेषण आणि त्यांचे काय केले याचा अहवाल अंतिम आराखड्यात असला पाहिजे. सारांश कुणी करायचा, कशावरून करायचा, हे नियमात नाही. कर्मचाऱ्यांनी ध्वनिमुद्रण ऐकून प्रत्येक बोलणे ठरलेल्या विषयांच्या कप्प्यांत टाकले होते, आणि “बस” हा शब्द ऐकल्यावर जो कप्पा समोर होता त्यात आई गेल्या. इंग्रजीत बोललेल्या लोकांचेही सारांश असेच झाले असतील, पण त्यांना स्वतःची ओळ वाचून चूक दाखवता येते. आईंना ती ओळ वाचता येत नव्हती. भाषासाहाय्य संस्थेकडून नागरिकापर्यंत पोचले होते. नागरिकाचे म्हणणे परत कागदावर जाताना मात्र त्याच्याबरोबर कुणीच नव्हते.

मी आईंचे म्हणणे मराठीत त्यांच्याकडून लिहून घेतले, शेजारी इंग्रजी भाषांतर केले आणि दुरुस्तीची विनंती पाठवली. तीन आठवड्यांनी उत्तर आले, आणि अंतिम परिशिष्टात आईंचे मराठी निवेदन देवनागरीत, त्यांच्या सहीसह आणि भाषांतरासह, पूर्ण छापले गेले. संस्थेने हे करायला हवेच होते असे म्हणता येईल, तरी त्यांनी ते विनातक्रार केले याबद्दल मी आभारी आहे. त्याखालचे संस्थेचे उत्तर मात्र पदपथ शहराच्या अखत्यारीत येतो आणि सूचना संबंधितांकडे पाठवली आहे, एवढेच होते. शहराचा प्रतिनिधी याच संस्थेच्या मंडळात बसतो, म्हणून हे उत्तर मला समाधानकारक वाटले नाही.

या मधल्या काळात, १ मार्च २०२५ रोजी, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश क्रमांक १४२२४ काढून इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा ठरवली आणि २००० चा आदेश रद्द केला. मी त्याच आठवड्यात कार्यालयाला विचारले की मराठी दुभाषी पुढेही मिळेल का. उत्तर होकारार्थी होते. त्या आदेशातच असे म्हटले आहे की कोणत्याही खात्याने आपल्या सेवांत बदल करण्याची सक्ती त्याने होत नाही, आणि १९६४ चा कायदा संसदेचा असल्यामुळे तो कार्यकारी आदेशाने पुसला जात नाही. पण त्या कायद्याचा आधार नागरिकाच्या हाती किती उरतो, हेही माहीत असावे. २००१ मध्ये अलेक्झांडर विरुद्ध सँडोव्हाल या खटल्यात, अलाबामा राज्य वाहनचालक परवान्याची परीक्षा फक्त इंग्रजीत घेते या तक्रारीवर, सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की हेतू सिद्ध न करता केवळ परिणाम भेदभावाचा आहे म्हणून व्यक्तीला या कायद्याखाली न्यायालयात जाता येणार नाही. त्यामुळे व्यवहारात कार्यालयाकडे तक्रार करणे हाच मार्ग राहतो, आणि आमच्या संस्थेच्या पानावर त्यासाठी घटनेपासून १८० दिवसांची मुदत दिलेली आहे. ती तारीख टिपून ठेवावी.

गुण द्यायचे तर दुभाष्याच्या मदतीला मी पाचपैकी पाच देईन, मदत उपलब्ध असल्याची माहिती पोचवण्याला दोन, लिखित साहित्याला मराठी वाचकाच्या दृष्टीने एक, आणि नोंदीला, दुरुस्तीनंतर, तीन. एकंदर सेवेला तीन. ती वापरावी असे मी निश्चितपणे सुचवेन, मात्र काही तयारीने. विनंती तीन दिवसांच्या मुदतीची वाट न पाहता दोन आठवडे आधी करावी, भाषेचे नाव स्पष्ट सांगावे, दुप्पट वेळ लागेल हे त्याच फोनवर बोलून घ्यावे, आणि वडीलधाऱ्यांचे निवेदन मराठीत लिहून बैठकीतच लेखी द्यावे, म्हणजे सारांश कुणीही केला तरी मूळ कागद दप्तरी राहतो. नातवंडांना दुभाषी म्हणून उभे करू नये. आम्ही आधी एकदा तसे केले होते. बारा वर्षांच्या मुलाने आजीच्या चिखलाचा भाग गाळला, कारण त्याला तो सांगायला लाज वाटली.

चार वर्षांच्या कार्यक्रमाची पुढची जाहीर बैठक आता लागली आहे. मराठी दुभाष्याची विनंती मी पाठवली आहे, आणि या वेळी कामांच्या यादीतले आमच्या रस्त्याचे पान तरी मराठीत मिळावे असेही लिहिले आहे. आईंनी आपले निवेदन परवाच लिहून ठेवले. त्यात भजनाचे वाक्य त्यांनी सर्वांत वर घेतले आहे.